डीसाचा 'क' कुणाचा?

२ जून, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. तीस वर्षं मुलांना बोलायला शिकवलं, त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी. तूर्तास अडलेली केस एकच, डीसा. वय पाच. 'क'च्या जागी 'त'. केक म्हणजे तेत, मी फोल्के म्हणजे फोल्ते. दीड वर्ष माझ्याकडे आहे. प्रगती उत्तम. सुरुवातीला मेणबत्ती दोन वितींवरून विझवायची, आता पाच वितींवरून. टेबलावरचं पीस तर एका फुंकरीत थेट खिडकीपर्यंत. तोंडाचे स्नायू तयार झाले की 'क' आपोआप येतो. तेवढाच बाकी आहे.

४ जून
डीसाची आई मालिन विचारत होती, अठरा ऑगस्टला शाळा सुरू होतेय, तोवर जमेल ना रे? बालवाडीत मुलं हसतात म्हणून पोरगी हल्ली तोंडच उघडत नाही, पाणीसुद्धा बोट दाखवून मागते. मी म्हटलं, निश्चिंत राहा. फुंकरी दुप्पट केल्या.

१२ जून
नवीन सहकारी आली. इल्वा. वय अठ्ठावीस, युनिव्हर्सिटीतून ताजी ताजी. कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, फोल्के, फुंकून बोलणं सुधारतं असं कुठल्याच अभ्यासात दिसलेलं नाही, तुला माहीत असेलच. माहीत असेलच! मी दालचिनीचा दुसरा बन घेतला. मोठेपणा म्हणतात तो हाच.

२७ जून
उद्यापासून पाच आठवडे सुट्टी. जुलैत दवाखान्यात फक्त नवीन माणसं उरतात, म्हणजे डीसा इल्वाकडे. पिसांचा डबा तिच्या टेबलावर ठेवला. वर चिठ्ठी: रोज वीस फुंकरी. नवीन काही करू नये.

९ जुलै, बेटावर
पाऊस. मासा एकही नाही. डीसाच्या चौकशीसाठी फोन केला. इल्वा म्हणाली, सुट्टी एन्जॉय कर. तिसऱ्यांदा केला तेव्हाही तेच. बिर्गित्ताचं म्हणणं, सुट्टीत ऑफिसला फोन करणारा नवरा अख्ख्या स्वीडनमध्ये माझ्याच नशिबी यावा! तिला म्हटलं, अगं, काळजी वाटते. ती म्हणाली, काळजी कसली, जळतोयस तू. बायकोला काय कळतंय. मी फक्त एकदाच आणखी फोन केला.

४ ऑगस्ट, सोमवार
परत रुजू. पिसांचा डबा ठेवला तिथेच, चिठ्ठीसकट. आणि माझ्या यादीत डीसा नाही! मालिनने म्हणे इल्वाकडेच चालू ठेवायला सांगितलं. ठीक आहे. मध्येच माणूस बदलू नये, मीच सांगत असतो. पण 'इल्वा' या नावात 'क' नाही हे कुणी लक्षात घेतलंय का? पोरीला ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट म्हणता आलं असणार. हा सरळसरळ अन्याय आहे.

६ ऑगस्ट, सकाळी साडेदहा
मी इल्वाच्या दाराबाहेर उभा नव्हतो. प्रिंटर तिथेच आहे. आतला प्रकार असा: दोन कार्डं, एकावर कार, दुसऱ्यावर तार. डीसाला हवी कार, ती म्हणते तार. आणि ही बाई मुकाट्याने तारच हातात देते! आपण सगळे तिचं ऐकून समजून घेत आलो, ही मुद्दाम घेत नाही. पोरगी वैतागली, पाय आपटले, अगं ही नाही, ही नाही! आणि मग घशातून, खरखरीत, पण 'क'. कार. दोघी इतक्या हसल्या की बस. माझ्याकडे दीड वर्षात ती एकदाही अशी हसली नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही, जळफळाट झाला. एकोणीस कोरे कागद प्रिंट केले.

७ ऑगस्ट
शांत डोक्याने विचार केला. पाया माझाच आहे. तसं रिपोर्टमध्ये लिहावं असं इल्वाला सुचवलं. म्हणाली, बघते.

८ ऑगस्ट
डीसाने इल्वाचं चित्र काढलंय. इल्वाने ते दारावर लावलंय. माझं कधी काढलं नाही. चित्रात इल्वाचे कान फार मोठे आलेत. जरा बरं वाटलं.

११ ऑगस्ट
इल्वाची कार्डं घरी आणली, फक्त दर्जा तपासायला. बिर्गित्तावर प्रयोग केला. तिने कॉफी मागितली, मी पद्धतीप्रमाणे काहीच न कळल्यासारखं केलं. ती म्हणाली, हे तर तू तीस वर्षं करतोयस. कार्डं परत ठेवायची.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
डीसा आज सहा वर्षांची झाली. वाढदिवस ज्याचा त्यानेच केक आणायचा, म्हणून कॉफीच्या वेळी मायलेकी मोठा हिरवा केक घेऊन हजर. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. दोन शब्द बोलायचंही ठरवलं होतं, विषय पाया.
डीसा सगळ्यांना ओलांडून माझ्यासमोर आली. म्हणाली, फोल्के, केक कापायच्या आधी मी काय करते बघ हं.
फोल्के. केक. कापायच्या. काय. करते. एकूण एक 'क' जागच्या जागी. माझे डोळे भरून आले. इल्वाकडे बघणार नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तिचेही भरले होते.
मग पोरीने खुर्ची मागे ओढली. आणखी मागे. भिंतीला टेकेपर्यंत. वर चढून छाती भरून श्वास घेतला आणि एकच फुंकर. सहाच्या सहा मेणबत्त्या विझल्या. केकवरची पिठीसाखर उडून इल्वाच्या काळ्या स्वेटरवर.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इल्वाने विचारलं, बापरे, हे कुणाकडे शिकलीस गं?
फोल्केकडे, डीसा म्हणाली. अगदी स्पष्ट.
स्वेटर झटकत इल्वा मला म्हणाली, हे मात्र रिपोर्टमध्ये नक्की लिहिते.