म्हैसासुर टाकीवर, मागची सीट मोकळी

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : मंगळू जानू भोये, वय ६६, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पोशेरा, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर.

मी, वर नाव लिहिलेला मंगळू, असे जाहीर करतो की माझे डोके ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे आणि मान, जी बरीच वर्षे ठिकाणावर नव्हती, तीही गेल्या आठवड्यापासून ठिकाणावर आली आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही असे लिहावे लागते म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझी पत्नी कोंडी मोटारसायकलची चावी पदराला बांधून समोर तांदूळ निवडत बसली आहे आणि हा कागद सह्यांसकट पुरा होईपर्यंत चावी मिळणार नाही. तिचे शब्द जसेच्या तसे नोंदवतो : "गुरजी, गाडी चालवायची तर चालवा. पन आधी लिवून ठेवा. मागनं पोरा भांडाया नकोत."

म्हणून लिहितो. चावी डोळ्यांसमोर लटकते आहे, तेव्हा अक्षर थोडे घाईचे आले तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. घर. घर कोंडीच्या नावावर आहे. ते मी कोणाला देऊ शकत नाही आणि ती मला त्यातून काढू शकते. बँकेतले खाते दोघांचे आहे, पेन्शन तिलाच जाईल. त्यात मृत्युपत्राने नाक खुपसण्याचे कारण नाही. भाताचे आणि नागलीचे शेत मात्र माझे आहे. ते मुलगा हरेश आणि मुलगी हर्षाली यांनी निम्मे निम्मे घ्यावे. बांधावरचा आंबा दोघांचा. त्याच्यावरून भांडल्यास तो गावच्या मुख्याध्यापिका निशा मॅडमच्या शाळेला जाईल.

कलम २. मोटारसायकल. हीच माझी खरी मालमत्ता. माझी बदली डोंगरापलीकडच्या पाड्यावर झाली त्या वर्षी घेतलेली, काळी, सीटचे कव्हर तीनदा शिवलेले. इंजिन उत्तम, फक्त हँडल खाली आणि लांब. ते धरायचे म्हणजे टाकीवर ओणवे व्हावे लागे. शाळेतली पोरे म्हणत, गुरुजींचे डोके आधी येते, गाडी मागून. नोकरीभर मी असाच ओणवा फिरलो आणि शेवटी मान अशी धरली की शेजाऱ्याने हाक मारली तर मला पूर्ण अंगाने वळावे लागायचे.

जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितले, गाडी सोडा. हरेश जव्हारला कचेरीत क्लार्क आहे, त्याला प्रत्येक गोष्ट निकाली काढायची सवय. त्याने त्याच दिवशी गाडीचा फोटो मोबाइलवर विक्रीला टाकला. खाली लिहिले, 'एकहाती वापर, वयोवृद्ध मालक'. हे 'वयोवृद्ध' मी विसरलेलो नाही. कलम ६ पाहावे.

विक्रमगडहून एक गिऱ्हाईक आले. गाडीवर बसले, ओणवे झाले, उतरले आणि म्हणाले, "हँडल लय खाली हाय, मान मोडंल," आणि चहा पिऊन निघून गेले. मी ओसरीवर बसलो होतो. इतकी वर्षे मी माझ्या मानेला दोष देत होतो. दोष हँडलचा असू शकतो हे माझ्या ध्यानीमनी आले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेलो.

दुसऱ्याच दिवशी जव्हारला पंढरी मेकॅनिककडे गेलो. त्याने हँडलची पकड खोलली, मधे ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे बसवले, ज्यांना रायझर म्हणतात, आणि लांब बोल्टांनी सगळे परत आवळले. हँडल उंच झाले आणि माझ्याकडे सरकले. मी बसलो तर पाठ ताठ, खांदे सैल, हात सहज पुढे. पंढरी म्हणाला, "थांबा गुरजी, ॲक्सिलेटरची केबल आता आखूड पडंल. दुपारी लांब केबल येते, ती टाकून जावा." एवढे मी ऐकले असते तर पुढचे काही घडले नसते. पण मी तोवर किक मारली होती.

त्या रस्त्याने मी हजारदा गेलो असेन, पण पाहिले होते ते डांबर. त्या दिवशी डोंगर पाहिले. मोहाच्या झाडावर माणूस चढलेला पाहिला आणि त्यानेही मला पाहिले. एका घराच्या कौलांवर वाळत टाकलेले मासे पाहिले. मला गाणी येत नाहीत, म्हणून मी मोठ्याने पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा मी जन्मात इतक्या सुरात म्हटलेला नाही.

कलम ३. मुखवटा. कोंडीच्या माहेरी, वावर गावाच्या बाजूला, दरवर्षी बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून घराघरातली माणसे नाचतात आणि कोणते सोंग कोणत्या घराचे हे ठरलेले असते. म्हैसासुराचे सोंग माझे सासरे रघ्याबाबा यांचे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून ते सोंग माझ्याकडे आले. मुखवटा लाकडी, दोन मोठी शिंगे, जड.

आता इथे कोंडीची तक्रार नोंदवणे भाग आहे, कारण ती तांदूळ निवडायची थांबून पाहते आहे. मी ओणवा बसत असल्याने मुखवट्याला पुढे जागा नव्हती. तो मागच्या सीटवर, कापडात गुंडाळून, माझ्या पाठीला बांधून न्यावा लागे. कोंडी जीपने येई, तीही बहुतेक दारात लटकून. एका वर्षी ती म्हणाली, "बाबाचा मुकवटा सीटवर, आन् बाबाची पोर जीपला लटकलेली. ऱ्हाऊ द्या. ती सीट त्याचीच." तेव्हापासून ती कधीच मागे बसली नाही. बाजाराला नाही, लग्नाला नाही, दवाखान्यालाही नाही. मी म्हणायचो, चल, आज मुखवटा नाही. ती म्हणायची, "मी काय पाव्हनी हाय, तो नसंल तवा बसाया?" लग्न झाले तेव्हा तिला गाडीवर बसायची फार हौस होती. तिच्याशिवाय ती सीट ओढत फिरायचे मला वाईट वाटत आले आहे. हे मी तिला कधी बोललो नव्हतो, ते आता लिहिले.

तर त्या दिवशी मुखवटा जव्हारला रंगवायला दिला होता, तो घेऊन मला थेट बोहाड्याला जायचे होते. कोंडी सकाळीच जीपने पुढे गेली होती. मी मुखवटा उचलला आणि पाहतो तर टाकीवर, माझ्या आणि हँडलच्या मधे, जागाच जागा. ठेवला. बसला. शिंगे माझ्या छातीला लागत होती म्हणून तोंड पुढे केले. रंग ओला होता म्हणून कापड घातले नाही. दोन शिंगांच्या मधून रस्ता छान दिसत होता. मागे हात फिरवला, सीट मोकळी.

गावचा नियम असा की मुखवट्याचे तोंड लोकांकडे आले म्हणजे सोंग निघाले. वाजंत्र्यांनी वाजवायला लागायचे आणि सोंग मैदानाबाहेर जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. हा नियम मला पाठ आहे. मी फक्त विसरलो की म्हैसासुराचे तोंड या वेळी पुढे आहे.

मैदानात लहान्या आणि त्याची वाजंत्री ऊन खात बसली होती. मी वळणावरून आत शिरलो आणि लहान्याने वाद्य गळ्यात घेतले. माणसे घरांतून धावत आली. आता सोंगाने फेरा घ्यायला हवा. फेरा उजवीकडे वळत घ्यायचा असतो. तो मी गाडीवरूनच घेतला आणि तो झकास झाला. पण मैदानातून बाहेर पडायचे तर हँडल पूर्ण डावीकडे वळवावे लागते. मी वळवले. आखूड केबल ताणली गेली आणि गाडी आपोआप गरजली. लोक चार पावले मागे सरले आणि खूश झाले, की यंदा म्हैसासुर आवाज करतो. मी घाबरून हँडल सरळ केले आणि पुन्हा फेऱ्याला लागलो. पुन्हा डावीकडे, पुन्हा गर्जना. मी ओरडलो, "लहान्या, बंद कर." लहान्या ओरडला, "आधी तुमी बाहेर जावा." मी सांगितले, "जाता येत नाय." त्याला वाटले सोंगच बोलते आहे आणि त्याने ताल दुप्पट केला.

खरे सांगायचे तर चौथ्या फेऱ्यानंतर मी घाबरायचे सोडले होते. पाठ ताठ होती, मान कुठेही वळत होती आणि मी प्रत्येक ओळखीच्या माणसाकडे वळून पाहत होतो. मी हसत होतो. गाडी थांबवून बंद करायची असते, हे मला सुचले नाही.

ते कोंडीला सुचले. ती गर्दीतून पुढे आली, म्हैसासुराच्या शिंगाला एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने चावी काढली. एकदम शांतता. लहान्याही थांबला. राक्षसाला गप्प केले ते देवीनेच, असे समजून तिथल्या म्हाताऱ्यांनी कोंडीला हात जोडले. तिने मुखवट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे वाकून पाहिले.

"मागं कोन नाय?" ती म्हणाली.

"कोणी नाही," मी म्हणालो.

तिने चावी पदराला बांधली. मी जीपने घरी आलो. पंढरीने लांब केबल टाकून गाडी काल आणून दिली, आता हँडल दोन्हीकडे वळते. त्याने किल्ली मागितली नाही, तारा जोडून आणली.

कलम ४. मोटारसायकल माझ्या पश्चात हर्षालीला मिळावी. ती आश्रमशाळेत शिकवते आणि माझ्यापेक्षा बरी चालवते. रायझर काढायचे नाहीत. मुखवटा आणि सोंगाचा मान हरेशला. तो मुखवटा गाडीच्या टाकीवरूनच न्यायचा, कापडात गुंडाळून. म्हणजे वर्षातून एकदा तरी भावाला बहिणीकडे यावे लागेल.

कलम ५. मोटारसायकलची मागची सीट गाडीपासून वेगळी मानावी. ती माझ्या पश्चात कोंडीला देत आहे. गाडी कोणीही चालवो, तिथे तिच्या परवानगीशिवाय देव, राक्षस, पोते किंवा सिलेंडर ठेवता येणार नाही.

कलम ६. काढून ठेवलेले जुने, आखूड बोल्ट हरेशला. ते त्याने कचेरीतल्या टेबलावर ठेवावेत आणि 'वयोवृद्ध' हा शब्द लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहावे. पान्यांचा संच पंढरीला. हेल्मेट लहान्याला, त्याला तसेही ऐकू येत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शाळेच्या मुख्याध्यापिका निशा मॅडम यांनी करावी. त्यांनी आंब्याची अट आधीच वाचली आहे आणि आम्हा भोयांचे भांडण होणे अशक्य आहे अशी स्वतःची समजूत घालून घेतली आहे.

साक्षीदारांविषयी. मोखाड्याच्या वकिलांनी बजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, घेतलीत तर त्याच्या वाटणीवर पाणी सोडलेले बरे. मी उत्साहाच्या भरात ओळखीच्या सगळ्यांना काहीतरी देऊन बसलो. लहान्या सही करायला आला, त्याला हेल्मेटचे कळले आणि तो हात धुवून चहाला बसला. पंढरीने पान्यांचा संच सोडायला नकार दिला. निशा मॅडमची एक सही झाली. दुसरीसाठी माणूस उरला नाही आणि सहीशिवाय चावी नाही. मी कपाळाला हात लावून बसलो.

कोंडीने सूप बाजूला ठेवले. "माझ्या वाटनीला काय हाय?"

"मागची सीट."

"कवा?"

"माझ्या पश्चात."

"म्हंजे तुमी मेल्यावर मी त्या सीटवर बसाची. आन् पुढं कोन? हर्षाली?" तिने पेन माझ्या हातातून घेतले. "मला नाय पायजे मेल्यावर. कुठं करू सही, दाखवा."

मी म्हणालो, "कोंडे, सही केलीस तर सीट जाईल."

"जाऊ द्या. मला उद्याची पायजे."

तिने सही केली. मला थोडा वेळ लिहिता आले नाही, म्हणून इथे एका ओळीची जागा सुटली आहे. ती कोरी समजू नये. कलम ५ रद्द.

मी हा मजकूर वाचून पाहिला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे.

मंगळू जानू भोये (सही)

साक्षीदार
१. निशा गावित, मुख्याध्यापिका, पोशेरा (सही)
२. कोंडी मंगळू भोये, पोशेरा (सही). चावी दिली. उद्या सकाळी माहेरी जायचं, मुकवटा घरी ऱ्हाईल.

ठिकाण : पोशेरा, घराची ओसरी
दिनांक : ११ मे २०२५