सतरा जणांचा बँड

हरसूल,
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मोतीराममामांस,
सुवर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला हो म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं. अठ्ठावीस वर्षं पोलीस बँडात मोठा ड्रम बडवलात, त्याचा वचपा कानांनी काढला. मामींचे गुडघे कसे आहेत?

मी पेचात आहे. मी शिकवते त्या आमच्या शाळेच्या बँडात छत्तीस मुलं होती. दिवाळीनंतर निम्म्या घरांनी द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरीची वाट धरली, मुलंही सोबत गेली. राहिली सतरा. अकरा जानेवारीला नाशिकला स्पर्धा आहे. मुख्याध्यापक सावळीराम सर म्हणतात, की गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या शाळेची साठ मुलं होती, सतरांकडे परीक्षक ढुंकूनही बघणार नाहीत. रिकाम्या जागी आठवीची मुलं उभी करा, बिगूल ओठाला लावून नुसते गाल फुगवू देत. नंबर आला नाही तर बँड बंद आणि तो तास गणिताला, हेही सांगून टाकलं. मामा, बँड मोठा असला की जिंकतो का? हा बँड बंद पडलेला मला बघवणार नाही.

उत्तर लवकर धाडा आणि भाचीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
आपली,
सुवर्णा

नाशिक,
१४ डिसेंबर

चि. सौ. सुवर्णास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मामीचे गुडघे दुखतात, तोंड ठणठणीत आहे. मला ऐकू येत नाही म्हणून संसार सुखाचा चालला आहे.

घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट तुला सांगतो. एकोणनव्वद साली स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमचे चार जण तापाने आडवे झाले. ओळ भरलेली दिसावी म्हणून चार साधे शिपाई हातात बिगूल देऊन उभे करायचं मीच सुचवलं. पहिल्याच वळणाला चौघेही सरळ चालत गेले. जो वाजवत नाही तो ठोके मोजत नाही, त्याला वळण कळणार कसं? मागची रांग त्यांच्यावर आदळली, माझा ड्रम एकाच्या पाठीत बसला. बँडमास्तरांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी गप्प बसलो. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा सतराच आण. रांगा जवळजवळ ठेव. साइड ड्रम चारच घे, नाहीतर बिगूल ऐकूच येणार नाहीत. मी मैदानावर येईन.

मुलांना आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार.
तुझा मामा,
मोतीराम

हरसूल,
२ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं नाव न घेता सरांना गोष्ट सांगितली. पोट धरून हसले आणि राजी झाले. नंबराची अट मात्र कायम आहे. आठवीच्या मुलांना टोप्या वाटून झाल्या होत्या, त्या परत मागताना जीव नको झाला. संध्या नावाच्या मुलीने टोपी धुऊन आणून दिली आणि विचारलं, की बिगूल खराखुरा वाजवायला लय दिस लागत्यात का.

भेटीची वाट बघते. मामींना सांगा, नागलीचं पीठ पाठवते आहे.
आपली,
सुवर्णा

नाशिक,
१२ जानेवारी

चि. सौ. सुवर्णास,
अ. उ. आशीर्वाद.

काल तुम्ही घाईने गाडी गाठलीत, बोलणं राहिलं. मला काही ऐकू येत नव्हतं म्हणून मी मुलांचे पाय बघत होतो. एकही चुकला नाही. तरी नऊ शाळांत पाचवे आलात. पहिली आली ती साठ मुलांची शाळा, आणि ती चांगलीच होती, परीक्षकांना बोल लावू नकोस. साठही जण खरोखर वाजवणारे असले तर ते सतरांना भारी पडतात. हे मी आधीच लिहायला हवं होतं. बँड बंद पडला तर त्यात माझ्या सल्ल्याचाही हात आहे, याचं फार वाईट वाटतं.

रागावली असलीस तरी चार ओळी लिही.
मामा

हरसूल,
२७ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. नमस्कार.

तुमच्यावर मी कशी रागावेन? सरांनी मात्र शब्द पाळला. स्पर्धेनंतरच्या सोमवारीच वाद्यं कोठीत गेली, कुलूप लागलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

काल झेंडावंदनानंतर प्रभातफेरी निघाली. दरवर्षी पुढे बँड असतो, काल पुढे सर आणि त्यांची शिट्टी. बाजारपेठेपर्यंत रांगांचा पार विचका झाला. भाजीवाल्या बायका सरांनाच विचारायला लागल्या, की आवंदा वाजाप कुठं हाय. तेवढ्यात आमची सतरा मुलं कुणालाही न विचारता पुढे गेली आणि रिकाम्या हातांनी, मोठ्याने ठोके मोजत चालू लागली. मागची रांग सावरली, मग तिच्या मागची. बघते तर सरांचेही पाय त्याच ठेक्यावर पडत होते.

शाळेत परतल्यावर त्यांनी कोठीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, की ज्याला शिकायचंय त्याला शिकवा बाई, आणि किती जण आहेत ते मला सांगू नका. मामा, मी सरांसमोरच रडले.

आज सकाळी कोठीच्या दारात एवढी मुलं होती, की मला किल्ली लावायला वाट मिळेना. मी एकटी पुरणार नाही. रविवारी हरसूलची गाडी धरा, पहिला धडा तुम्ही द्यायचा आहे.

मामींची परवानगी मी काढते.
आपली लाडकी,
सुवर्णा