निळ्या झाकणाचं पिंप

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (इथे जमिनीवर काळी पूड सांडली आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, गोड मानून घ्या.) गुडघा कसा आहे? मामी म्हणते, माझं नाव निघालं की तो जास्त ठणकतो. तसं असेल तर पाय उशीवर ठेवून मगच पुढे वाचा.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही ते मला ठाऊक आहे. या कारखान्यात मला चिकटवलं तुम्ही, आणि मी येऊन पहिलं काम काय केलं, तर तुम्ही वर्षानुवर्षं पुरवत आलेलं सॉल्व्हंट बंद करून त्या जागी पाणी वापरायचं खूळ साहेबांच्या डोक्यात भरवलं. (मामीसाठी सांगते: बॅटरीच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यावर काळ्या पुडीचा थर असतो. पूड आपण होऊन चिकटत नाही, म्हणून ती कशात तरी कालवायची, पट्टीवर सारवायची आणि लांबलचक भट्टीतून वाळवत न्यायची. आजवर ते ‘कशात तरी’ म्हणजे मामांचं सॉल्व्हंट होतं. त्याची वाफ माणसाला बरी नाही, आणि ती पकडून ठेवणाऱ्या यंत्रांनी अर्धा कारखाना अडवला आहे. पाण्याची वाफ बिचारी खिडकीतून निघून जाते.) सख्ख्या भाचीने मामाच्या पोटावर पाय आणावा हे मामीलाही पटलं नव्हतं. तुम्ही तर जेवता जेवता सगळ्यांदेखत म्हणालात, “पाण्याने पट्टी होत असती तर मी काय इतकी वर्षं झक मारत होतो?”

मामा, सुरुवातीला तुमचं म्हणणं अगदी खरं ठरत होतं, हे वाचून तुमच्या गुडघ्याला आराम पडेल. पहिल्या खेपेला मी घाईने मिक्सर जोरात फिरवला, तर काळा फेस वर आला, झाकण उचलून बाहेर पडला आणि निवांतपणे दाराकडे निघाला. दुसऱ्या खेपेला फेस नव्हता, पण ते काळं कालवण पट्टीवर पसरायलाच तयार होईना. सारवलं की अंग चोरून घ्यायचं आणि मध्ये उघडी पट्टी दिसायची. (रुसलं की असं अंग चोरायची सवय आपल्या घरात कोणाला आहे, ते मी लिहीत नाही.) तिसऱ्यांदा पसरलं, तर भट्टीत वाळताना त्याला तडे गेले. साहेबांनी ती पट्टी कौतुकाने उजेडाकडे धरली आणि तिच्यावरची खपली सरळ त्यांच्या चहात पडली.  त्यांनी कप अलगद माझ्यापुढे सरकवला.

आणि मग एके दिवशी जमलं. आमची शुद्ध पाण्याची टाकी नादुरुस्त झाली होती, म्हणून मी गोदामामागचं एक रिकामं पिंप विसळून घेतलं आणि शेजारच्या इमारतीतून पाणी भरून आणलं. त्या पाण्यात कालवलेली पूड लोण्यासारखी पसरली, गुळगुळीत वाळली, आणि पट्टी बोटाभोवती गुंडाळली तरी तडा नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून भाषण केलं. गुरुवारी मोठं गिऱ्हाईक हे पाहायला येणार आहे. जमलं तर हा विभाग माझ्याकडे, नाही तर मी पुन्हा तुमच्या दारात.

हे मोठेपणा मिरवायला लिहिलेलं नाही. तुम्ही बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं, तो अबोला सुटावा एवढाच हेतू. मामीला नमस्कार.

तुमची (अजूनही) लाडकी,
भाची

ता. क. एवढाच हेतू असं वर लिहिलंय, ते पुरतं खरं नाही. त्या दिवसानंतर निघालेल्या प्रत्येक पट्टीला पुन्हा तडे आहेत. पूड तीच, भट्टी तीच, पाणीही तेच, शेजारच्या इमारतीतलं. फरक एकच, ते पिंप. त्याला निळं झाकण आहे आणि झाकणाच्या आतून तुमच्या दुकानाची खूण आहे. मी ते नीट विसळलं नव्हतं, तळाशी काहीतरी राहिलं असणार. पिंपावरची नावाची चिठ्ठी केव्हाच निघून गेली आहे, वासही आता उडाला. तपासायला पाठवलं तर उत्तर येईपर्यंत गिऱ्हाईक येऊन, हसून, परत गेलेलं असेल. मामा, त्या पिंपात आधी काय होतं?

ता. क. दुसरा. साहेबांना मी आज सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, मामांना घेऊनच या. मामा, टँकर आणू नका, आमच्या हंडाभर पाण्याला तुमचं ते जे काही आहे ते कपभर पुरेल. पण त्या कपावाचून पट्टी निघत नाही. तेव्हा इतकी वर्षं तुम्ही झक मारत नव्हता, हे मी सहीनिशी लिहून देते. (मामी, एवढं वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि लगेच त्यांच्या हातात फोन दे.)