खाली जाण्याचं बटण

सोमवार, ४
आज नव्या कामावर रुजू झालो. घर छान आहे, उजेडाचं. जिन्याखालची खोली मिळाली. टेबल आहे, म्हणजे लिहायची सोय झाली. सांभाळायचं एकाच माणसाला: मावशी. वय ऐंशीच्या घरात, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. माझी वही पाहून म्हणाल्या, रोज लिहिण्यासारखं तुमच्या आयुष्यात घडतं तरी काय? म्हटलं, काही नाही, म्हणून तर विसरायला होतं. हसल्या. जमेल आमचं.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात डॉक्टर आहे. दिवे, पंखे, पडदे सगळं भिंतीवरच्या बटणांवर आणि फोनमधल्या ॲपवर चालतं. देवाचं नाव घेऊन एक बटण दाबलं. पडदा उघडायचा होता, पंखा लागला.

मंगळवार, ५
मागची खोली म्हणजे पूर्वीचं गॅरेज. साहेब, मावशींचे यजमान, अंथरुणाला खिळल्यावर त्यांना तिथे ठेवलं होतं. चाकांची खाट जावी म्हणून दाराऐवजी विजेचं शटर बसवलं. साहेब गेल्या वर्षी तिथेच वारले. खोली रिकामी, शटर खाली. तरी मावशी दिवसभर शटरबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि भिंतीवरचं खाली जाण्याचं बटण दाबत राहतात. बंद शटर आणखी किती बंद करणार, म्हणालो. म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम बघा. बोट सुजलंय, नख काळंनिळं. घास धरता येत नाही. मला बघवेना.

गुरुवार, ७
मुलीला कळवलं. तिने ॲपमधून घरातली सगळी बटणं लॉक केली. दाबलं की आधी हिरवा ठिपका लागायचा, आता लाल लागतो आणि पुढे काही होत नाही. दिवे-पंखे मी फोनवरून लावायचे. शटर आणि लॉक मात्र तिच्याच हातात.

मावशींच्या बोटाला मलम लावलं. चिडतील वाटलं होतं. एवढंच म्हणाल्या, तुम्ही भले आहात, आणि मला भल्या माणसांचीच भीती वाटते.

शुक्रवार, ८
शटर बोटभर वर आहे. ॲपमध्ये ‘बंद’ दिसतंय.

मावशींनी आज सांगितलं. साहेबांच्या खाटेजवळ एक बटण होतं. काही हवं असलं की ते शटर वर करायचे, आणि या धावायच्या. जाताना म्हणाले होते, तुला न्यायला येतो. तेव्हापासून ते आतून वर दाबतात, मी बाहेरून खाली, म्हणाल्या. भाजीचा भाव सांगावा तशा सुरात.

एकटं माणूस काय काय मनात धरतं. आज नेहमीपेक्षा जास्त वेळ नामस्मरणाला बसलो.

शनिवार, ९
वीतभर.

बटणं बसवणाऱ्या कारागिराला फोन केला. म्हटलं, आतलं बटणही लॉक करता येईल का? तो म्हणाला, आत बटणच नाही. साहेब गेल्यावर त्यानेच काढून नेलं, वायरी तोडून भोक लिंपून टाकलं.

वाकून फटीतून पाहिलं. लिंपलेल्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला, हिरवा ठिपका. विझला. परत लागला. शटर हललं.

रविवार, १०
मुलीला म्हटलं, लॉक काढा. भाऊ, आईने तुम्हालाही गुंडाळलं का, म्हणाली. परवा येते, मग बघू.

मावशींना म्हटलं, आपण निघू इथून. म्हणाल्या, घर सोडलं म्हणजे नवरा सुटतो होय?

शटरच्या कडीला दोर बांधला आणि गॅसची भरलेली टाकी अडकवली. टाकीसकट वर येतंय.

सोमवार, ११
हातभर. आतून औषधांचा वास, ओल्या चादरीचा. वास आला की मावशी उठायला लागतात. सवय आहे, पाय ऐकत नाहीत म्हणतात. हात धरून बसलोय. मुलगी फोन उचलत नाही—

दुपार
फोटो पाठवला. अधांतरी टाकी. लगेच फोन आला. रडत होती. लॉक काढते म्हणाली—

हात सोडून बटणाकडे धावलो. दाबलं. हिरवा. शटर उतरायला लागलं. डोळे मिटून दाबून धरलं, देवाचं नाव घेत. उतरलं. टेकलं.

मावशींना सांगायला वळलो तर—

खुर्ची रिकामी.

शटरखाली त्यांच्या शालीचं टोक.

वर जाण्याचं बटण दाबायला हवं. समोर उभा आहे. बोट धजत नाही, म्हणून लिहितोय. मुलीला कळायला हवं, मी काय—

आतून मावशींचा आवाज. उघडा ना भाऊ, म्हणतायत. इतक्या गोड त्या कधीच बोलल्या नाहीत.

आणि त्याच्यामागून, लांबून, पुन्हा मावशीच. मूर्खासारखं काही करू नका, म्हणतायत. दाबू नका—

नाही दाबत. हात मागे घेतलाय. बटणापासून दूर—

हिरवा ठिपका लागला. मी हात लावलेला नाही—