एकट्याच्या मागं झील

रविवार संध्याकाळ, अहमदपूर

आज परत तोच रॅपचा अल्बम लावला. अमेरिकेतल्या त्या माणसाचा, माझं लग्न झालं त्या सुमाराचा. लेकीनं, शुभांगीनं, फोनमध्ये टाकून दिला अन् एकेका गाण्याचा अर्थ मराठीत सांगितला. पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. आधी त्याची गल्ली, मग पोलीस, मग आई, अन् शेवटी मेलेल्या दोस्ताशी बोलणं. माणूस एकटाच, पण अख्खी वस्ती उभी करतो. रडत मात्र कुठंच नाही. कसं जमत असेल?

शुभांगी हसली. "आई, इंग्रजी येत न्हाई, अन् काय ऐकून राहिलीस?"

"त्याचा श्वास," मी म्हणाले.

खरंच, ओळ धरायच्या आधी तो श्वास घेतो, तो ऐकू येतो. आमचे हे जलशात गायचे तेव्हा असाच घ्यायचे. मी मागं झील धरायचे. त्यांची ओळ संपली की शेवटचा शब्द उचलून 'जी जी' म्हणायचं. ते गेले अन् माझा सूरच हरवला. बायका बोलवायला आल्या तरी जलशाला गेले नाही.

आज भाकरी थापताना दोस्ताचं गाणं लागलं. त्यानं तसाच श्वास घेतला, ओळ म्हटली, थांबला. मागं कुणीच नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "जी जी जी."

शुभांगी दारात. "आई, तू गायलीस?"

"एकटाच गाऊन राहिलाय बिचारा," मी म्हणाले. "कुणी झील धरायला नको का?"