बोटीतून सगळ्यांच्या आधी

१४ जून, सकाळी दहा

प्रिय ताई,

घरी सगळे बरे असाल. मीही बरी आहे, गुडघा दुखत नाही. परवा सायकलने दुसरी सीमा ओलांडली, काल दुपारी बोटीने खाडी.

बोटीत शी, काय सांगू! फरशीवर कुणीतरी ओकलेलं, त्यावर भुसा टाकलेला, आणि तोच भुसा तुडवत लोक सँडविच खात फिरत होते. इथे तंबूंच्या मैदानात न्हाणीघराच्या जाळीत केसांचा बोळा. साबणाच्या वडीवरही कुणाचा तरी केस. अक्षरं गिरवण्याआधी तू मला हात धुवायला लावायचीस. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, सगळं जग हात धुऊनच वही उघडतं.

शेजारच्या तंबूत साठीच्या एक बाई आहेत. म्हणजे होत्या. काल संध्याकाळी पिवळी सायकल ढकलत आल्या. पुढच्या चाकाचे पाच स्पोक तुटलेले, रिम वाकडी. एकट्याच तीन देश पार करून नातवाकडे निघालेल्या. दोन दिवसांचा रस्ता उरला होता.

"बोटीत कुणीतरी केलं," म्हणाल्या.

"किळस येते अशा माणसांची!" मी म्हणाले. वर त्यांना चहा करून दिला. त्यांनी मला अर्धं सूप दिलं. मी ते प्यायलेही.

ताई, मीच केलं होतं. बोटीत सायकली एकमेकींना टेकवून एकाच दोरीने बांधतात. आतल्याने बाहेरच्या निघेपर्यंत थांबायचं असतं. मला इथलं न्हाणीघर घाण व्हायच्या आत गाठायचं होतं. मी दोरी सोडली, माझी सायकल हिसडली. पेडल कशात तरी अडकलं, कडकड आवाज झाला. मी मागे वळून पाहिलं नाही.

आज सकाळी सांगितलं. बाई तंबूची घडी घालत होत्या.

"माहितीये. तुझ्या पेडलला माझा पिवळा रंग लागलाय. काल सूप पिताना किती वेळ दिला मी तुला!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं काम मी कशाला करू?"

मी माझं चाक देऊ केलं.

"मापात नाही बसायचं. आणि बसलं असतं, तरी दोन दिवस ते बघत जायचं? नको बाई." मग तंबूची दोरी गुंडाळत म्हणाल्या, "नातवाला सांगितलं होतं, दारात सायकलवरूनच उतरेन."

त्यांना न्यायला ट्रक आला. सायकल वर चढवायला मी हात लावला. त्यांनी लावू दिला, एवढंच.

माझी पत्रं तू जेवताना मोठ्याने वाचतेस आणि बाबा मध्येच 'शाब्बास' म्हणतात. हेही वाच, एक ओळ न गाळता. फक्त बाबा काय म्हणाले, ते मला कळवू नकोस.

अजून तुझीच,
धाकटी