पाण्याच्या जागेवरची खोली

मी, माधुरी भाऊराव तायडे, वय सेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढणे, राहणार मैत्री चाळ, दुसरी ओळ, खोली क्रमांक १४, टेकडीचा उतार, भांडुप (पश्चिम), हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. भीती आहे, पण ती फक्त शस्त्रक्रियेची नाही, हे पुढे येईलच. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण घरचं आवरून या." म्हणून आवरते आहे.

कलम १. बँकेतील ठेव माझा धाकटा भाऊ राजेश याच्या मुलीच्या, रुचिराच्या शिक्षणासाठी. राजेशने त्यातून मोटारसायकल घेऊ नये. हे वाक्य लिहायला नको होते, पण खोडत नाही. कंपासपेटी आणि ड्रॉइंग बोर्डही रुचिरालाच.

कलम २. माझ्या रोजनिशीच्या बावीस वह्या चाळ कमिटीच्या कपाटात ठेवाव्यात. ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. आधी "जाळून टाका" असे लिहिणार होते. पण ज्या पानावर मी माझे खोटे नोंदवले आहे, ते जाळून फायदा फक्त माझाच होईल.

कलम ३. खोली. हे कलम लांब आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात चाळीतल्या एकसष्ट घरांनी एक काम केले. पाणी भिंतीवर जिथवर चढले तिथे विटेच्या तुकड्याने रेघ मारायची आणि पाणी कुठून आले त्याचा बाण काढायचा. टेकडी आमच्यातल्या एकालाही कळत नव्हती; पावसाळा संपेपर्यंत सगळ्यांना मिळून ती बरीच कळली. तिसऱ्या ओळीतले दादू घाडी, वय एकाहत्तर, इथे सर्वांत जुने. पूर्वी नाला कुठून वाहायचा ते त्यांनी काठीने दाखवले. हे सगळे कागदावर आणण्याचे काम माझ्याकडे आले, कारण नकाशा मला येतो.

बाण जोडत गेले तसे ते सगळे माझ्या स्वयंपाकघराखाली आले. माझ्या वडिलांनी १९८६ साली भराव टाकून खोली बांधली, ती नाल्यातच; नाला मोकळा करायचा तर ती पाडावी लागणार.

मी रबर घेतले. तीन बाण फिरवले आणि नाला साडेचार फूट डावीकडे सरकवला. कागदावर तो माझ्या भिंतीमागे वळून पुन्हा खाली उतरला.

नकाशा बैठकीत मांडला तेव्हा दादूंनी चष्मा लावून पाहिला. "गो बाय, ह्यो व्हाळ हंय कसो वळलो? माका तर सरळ आठवता."

"दादू, मी माप घेतलंय."

"माप घेतलंस तर बरोबर आसतला. तू शिकलली."

मग चार रविवार सगळ्यांनी पहार-फावडी घेऊन त्या खोट्या रेषेवर गटार खणले. मीही खणले. गेल्या जुलैत पाणी त्या वळणावर वळले नाही. ते सरळ गेले आणि दादूंची मागची भिंत त्यांच्या अंगावर पडली. खुब्याचे हाड मोडले. लोक म्हणाले, पाऊसच तेवढा होता. मीही तेच म्हणाले. दादूंच्या खाली अजून सात घरे आहेत आणि वळण तसेच आहे.

तरी गप्प का राहिले? उद्या इथे इमारत झाली तर खोलीच्या बदल्यात घर मिळेल, म्हणून. आणि खरे बोलल्यावर याच चाळीत राहायचे कसे, म्हणून. कोणते कारण मोठे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून: माझ्या मृत्यूनंतर खोली क्रमांक १४ पाडावी आणि नाला सरळ न्यावा. राजेशने हरकत घेऊ नये. काल फोनवर त्याने घेतली आहे. "ताई, डोकं फिरलंय का तुझं? आपलं नाव पुनर्वसनाच्या यादीतून जाईल!" मी म्हटले, "आपलं नाही, माझं." त्याने फोन ठेवला.

कलम ४. इथवर लिहून आज सकाळी मी साक्षीसाठी दोघांना बोलावले: कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणारी माझी मैत्रीण शेवंती परब आणि प्लंबर धम्मपाल खिल्लारे. दोघे वरच्या, पहिल्या ओळीतले. नाला सरळ झाल्याने त्यांना काही मिळणार नाही, म्हणून साक्षीदार म्हणून योग्य. हा विचार मी फार काळजीपूर्वक केला होता. मोठ्याने वाचून दाखवले.

शेवंतीने विचारले, "म्हणजे तू मेलीस तर दादूची माणसं वाचणार?"

मी कागद खाली ठेवला.

"आणि बरी होऊन आलीस तर?"

"मग वाट लागली ना खालच्यांची," धम्मपाल म्हणाला. "ताई, आम्ही मागायचं काय? तुम्ही जगावं, की नको?"

शेवंतीने पेन बंद करून माझ्या पुढ्यात ठेवले. "असल्या कागदावर मी सही करणार नाय. दानधर्म करतेयस, तोही मेल्यावर! पाऊस थांबणाराय काय तुझ्यासाठी?"

रोजनिशीत मी इतकी वर्षे स्वतःला प्रश्न विचारत आले. हा एक सोडून सगळे विचारले.

कलम ५. त्यानंतर मी मूळ नकाशा, पुसलेल्या बाणांच्या खुणांसकट, दादूंच्या खाटेपाशी नेला आणि सांगितले. त्यांनी पुसलेल्या बाणांवरून बोट फिरवले.

"तेव्हाच मी सरळ सांगितलंय," ते म्हणाले. "तू माप म्हटलंस, नि मी माझ्याच डोळ्यांक खोटा पाडलंय."

मी माफी मागितली.

"ता मगे बघूया. आता उठ. पाऊस तीन आठवड्यांर आसा."

माफी मिळालेली नाही, याची इथे नोंद करते.

कलम ६. कलम ३ मी हयातीतच रद्द करत आहे. दुपारी दोनपासून धम्मपाल आणि तेवीस जण खोली क्रमांक १४ पाडत आहेत. स्वयंपाकघराची फरशी उचलली तेव्हा खालची माती ओली होती. मे महिन्यात. जमलेल्यांपैकी काही माझ्याशी बोलत नाहीत. घमेली मात्र हातोहात पुढे जात आहेत.

कलम ७. यापुढे चाळीचा नकाशा एका माणसाने एकट्याने काढू नये, तो कितीही शिकलेला असो. ज्यांच्या अंगावर पाणी येते त्यांच्यातल्या दोघांनी शेजारी बसावे आणि रबर त्यांच्या हातात असावे.

कलम ८. शस्त्रक्रियेतून वाचले तर कुठे राहायचे, याची तरतूद या दस्तऐवजात नाही.

हे सर्व मी साक्षीदारांसमोर वाचले, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

माधुरी भाऊराव तायडे (सही)

साक्षीदार १: शेवंती दशरथ परब (सही)
साक्षीदार २: धम्मपाल कुंडलिक खिल्लारे (सही, हात मातीचे असल्याने डाग पडला आहे, खाडाखोड समजू नये)

स्थळ: भांडुप, खोली क्रमांक १४ होती तिथे
दिनांक: १७ मे २०२६, रविवार, सायंकाळी साडेपाच